वाचकांचे प्रश्न : लिव्हर सेल्समध्ये मायक्रोआरएनए इनहिबिटर वापरताना

गेल्या अंकात मिर-१२२ या मायक्रोआरएनएबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. बरेचसे प्रश्न लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींचे आहेत, पण पहिला आणि शेवटून दुसरा तसा नाही, ते दोन्ही मुद्दाम घेतलेत.

प्रश्न : मुलगी पीएचडी करते. फोनवर सांगते की आज लिव्हरच्या पेशींवर इनहिबिटर टाकला, उद्या रीडिंग आहे. मी कॉमर्सवाला माणूस. ती नक्की काय करते हे मला समजेल असं सांगाल का?

नक्की सांगते. आपल्या पेशीत जीन्सवरून एमआरएनए नावाच्या प्रती निघतात आणि त्या वाचून प्रोटीन बनतं, हे शाळेत कधीतरी कानावरून गेलं असेल. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा एक छोटासा आरएनए, तो आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये बसतो आणि ठरावीक एमआरएनएंना चिकटून त्यांच्यापासून बनणारं प्रोटीन कमी करतो. पूर्ण बंद नाही हं, रेडिओचा आवाज थोडा खाली आणावा तसं. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या लॅब्सनी एका बारक्या जंतात यातला पहिला शोधला, आणि त्या कामाला २०२४ चं नोबेल मिळालं.

आता इनहिबिटर म्हणजे त्या मायक्रोआरएनएला उलट बाजूने तंतोतंत जुळणारा, प्रयोगशाळेत बनवलेला एक तुकडा. तो जाऊन मायक्रोआरएनएला घट्ट धरून बसतो, मग त्या मायक्रोआरएनएला त्याचं रोजचं काम करता येत नाही, आणि ज्या प्रोटीन्सचा आवाज त्याने दाबलेला असतो तो वर येतो. तुमची मुलगी ‘उद्या रीडिंग’ म्हणते ना, ते बहुधा हेच वर आलेलं मोजणं. एखादी गोष्ट काढून घेतली की काय बिघडतं किंवा काय सुटतं ते बघायचं आणि त्यावरून ती गोष्ट काय करत होती ते ठरवायचं. तिला पुढच्या वेळी विचारा की कुठला मायक्रोआरएनए आणि त्याचं टार्गेट, म्हणजे तो ज्याचा आवाज दाबतो ते, काय, ती खूश होईल.

प्रश्न : मॅडम, हेपजी-२ सेल्समध्ये मिर-१२२ चा इनहिबिटर टाकतोय, १०० नॅनोमोलरपर्यंत गेलो, टार्गेटमध्ये काडीचा फरक नाही. इनहिबिटर खराब आला असेल का? (एम.एस्सी. प्रोजेक्ट)

इनहिबिटर बदलू नका, सेल लाइन बदला. हेपजी-२ मध्ये मिर-१२२ जवळजवळ नसतोच, मग अडवायचं कोणाला. हा गैरसमज खूप पसरलेला आहे कारण सगळीकडे वाचतो की मिर-१२२ म्हणजे लिव्हरचा मायक्रोआरएनए, लिव्हरमधल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी साधारण ७० टक्के तोच, आणि मग आपण धरून चालतो की लिव्हरची सेल लाइन म्हटली की तो असणारच. पण सेल लाइन म्हणजे ट्यूमरमधून आलेल्या पेशी, त्यांनी लिव्हरच्या कितीतरी खुणा टाकून दिलेल्या असतात. हेपजी-२ वर तर कितीतरी वर्षं हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणजे मोठ्यांमधल्या नेहमीच्या लिव्हर कॅन्सरचं लेबल होतं, मूळ ट्यूमर प्रत्यक्षात हेपॅटोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांमधला वेगळा ट्यूमर होता.

हूह-७ या दुसऱ्या लिव्हर सेल लाइनमध्ये मात्र मिर-१२२ भरपूर असतो. २००५ मध्ये जॉपलिंग आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस सी व्हायरसला मिर-१२२ लागतो हे दाखवलं ते हूह-७ मध्येच, इनहिबिटर टाकला की व्हायरसचा आरएनए खाली आला. तुमच्यासाठी तोच रस्ता सोपा. आणि हेपजी-२ हातात आहेतच तर त्यांचा उलटा उपयोग करा, तिथे मिर-१२२ चा मिमिक, म्हणजे त्याच्यासारखंच काम करणारा बनवलेला तुकडा, टाकून टार्गेट खाली येतं का बघा, आणि इनहिबिटरने हूह-७ मध्ये जे दिसलं ते हेपजी-२ मध्ये दिसत नाही हेच तुमचं एक छान स्पेसिफिसिटी कंट्रोल (परिणाम मिर-१२२ मुळेच होता याची पडताळणी) होतं. म्हणजे आतापर्यंतचं काम फुकट नाही गेलेलं.

कुठलाही इनहिबिटर ऑर्डर करायच्या आधी आपल्या स्वतःच्या सेल्समध्ये, आपल्या पॅसेजला (म्हणजे पेशी जितक्या वेळा नव्या प्लेटमध्ये वाढवल्यात त्या टप्प्याला), तो मायक्रोआरएनए किती आहे हे क्यूपीसीआरने, म्हणजे आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीने, बघून घ्या. पेपरमधला आकडा दुसऱ्याच्या सेल्सचा असतो.

प्रश्न : हूह-७ मध्ये इनहिबिटर टाकल्यावर क्यूपीसीआरमध्ये मायक्रोआरएनए ९५ टक्के खाली दिसतो, पण टार्गेट प्रोटीन वेस्टर्नवर (प्रोटीन मोजायच्या टेस्टवर) जसंच्या तसं. गाइड म्हणतात नॉकडाउन झालाय, पुढे जा. जाऊ का?

थांबा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून यावर जरा लांब लिहिते.

आधी हे बघा की इनहिबिटर करतो काय. एसआयआरएनए (एखाद्या जीनचा एमआरएनए तोडायला बनवलेला छोटा आरएनए) टाकला तर एमआरएनए कापला जातो, म्हणून तिथे आरएनए कमी झालेला मोजणं बरोबर असतं. मायक्रोआरएनए इनहिबिटरचं तसं नाही. एलएनए किंवा टू-प्राइम ओ-मिथाइल केमिस्ट्रीचा (म्हणजे घट्ट चिकटावा म्हणून रासायनिक बदल केलेला) इनहिबिटर मायक्रोआरएनएला नुसता घट्ट धरून बसतो, पुष्कळदा तो मायक्रोआरएनए पेशीत शाबूत असतो, फक्त कामातून गेलेला असतो. मग क्यूपीसीआरमध्ये ९५ टक्के कमी कसा दिसला? स्टेम-लूप प्रायमर (मोजणीची सुरुवात करणारा छोटा तुकडा) असेल तर तो मायक्रोआरएनएच्या थ्री-प्राइम टोकाच्या मोजक्या अक्षरांना बसावा लागतो, आणि तिथे आधीच इनहिबिटर चिकटलेला असेल तर प्रायमरला जागाच नाही, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनएवरून डीएनए प्रत बनणं, होत नाही, आणि मशीन सांगतं की नाहीये.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे ही चिकटाचिकटी पेशीत झालेली असेलच असंही नाही. ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे पेशीत घातल्यावर, पुष्कळसा इनहिबिटर एंडोसोम नावाच्या पेशीतल्या पिशव्यांमध्ये अडकून पडलेला असतो, मायक्रोआरएनएपर्यंत पोचलेलाच नसतो. तुम्ही पेशी फोडणारा लायसिस बफर घातला की एंडोसोम फुटतात, सगळं एकत्र मिसळतं, आणि इनहिबिटर आणि मायक्रोआरएनएची गाठ ट्यूबमध्ये पडते. रीडिंग खाली, पेशीत मात्र काहीच घडलेलं नव्हतं.

हे तपासायला एक साधा प्रयोग आहे आणि तो एका दुपारी होतो. काहीही न टाकलेल्या हूह-७ चा एक वेल (प्लेटमधला एक खड्डा) घ्या, लायसिस बफर घाला, आणि त्या लायसेटमध्ये आत्ता, तिथल्या तिथे, इनहिबिटर मिसळा, तेवढाच जेवढा वेलमध्ये टाकता. मग नेहमीसारखं एक्स्ट्रॅक्शन आणि क्यूपीसीआर करा. या सँपलमध्ये सुद्धा मायक्रोआरएनए खाली दिसला तर तुमच्या ९५ टक्क्यांवर विसंबता येत नाही, कारण या पेशींनी इनहिबिटर जिवंतपणी पाहिलेलाच नाही.

मग मोजायचं काय? दाब सुटला का ते. त्यासाठी रिपोर्टर, म्हणजे प्रकाश देऊन आपली पातळी दाखवणारा जीन, हे सगळ्यात स्वच्छ साधन. ड्युअल लुसिफरेज प्लाझमिडमध्ये (रेनिला आणि फायरफ्लाय असे दोन प्रकाश देणारे जीन असलेल्या गोल डीएनएमध्ये) रेनिलाच्या थ्री-प्राइम यूटीआरमध्ये, म्हणजे प्रोटीनच्या भागानंतरच्या शेपटीत, मायक्रोआरएनएला पूर्ण जुळणारी साइट घाला, आणि दुसऱ्या प्लाझमिडमध्ये तीच साइट पण सीड म्हणजे २ ते ८ नंबरच्या अक्षरांसमोरचा भाग बिघडवलेला. फायरफ्लाय नॉर्मलाइज करायला आहेच. हूह-७ मध्ये मिर-१२२ ची चांगली साइट रेनिलाला खूप खाली दाबेल, बिघडवलेली साइट मोकळी राहील. इनहिबिटर खरंच पोचला असेल तर चांगल्या साइटचं रीडिंग वर चढत बिघडवलेल्या साइटच्या जवळ जाईल आणि बिघडवलेलीचं जागचं हलणार नाही. हे दिसलं की मग इनहिबिटर चालतोय म्हणा.

त्यानंतर पेशीतलीच टार्गेट्स. मिर-१२२ साठी एएलडीओए, जीवायएस१ आणि एसएलसी७ए१, म्हणजे कॅट-१, ही बऱ्याच लॅब्सनी बघितलेली आहेत, निदान दोन तरी घ्या. अपेक्षा मात्र योग्य ठेवा. एका मायक्रोआरएनएचा एका टार्गेटवरचा परिणाम बहुतेक वेळा दुपटीच्या आतलाच असतो, त्यामुळे वेस्टर्नवर डोळ्याला जाड झालेला बँड दिसेल म्हणून बसू नका. लोडिंग नीट, रेप्लिकेट्स पुरेशी, आणि एमआरएनए सोबत मोजलेला. वेळही बघा, जुनं प्रोटीन पेशीत आधीच असतं आणि नवं साचायला वेळ लागतो, २४ तासांना काही दिसलं नाही तर ४८ आणि ७२ बघितल्याशिवाय निकाल लावू नका.

गाइडना लायसेटवाला प्रयोग करून दाखवा, वाद घालायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : ५ नॅनोमोल पावडर आलीय. कितीत विरघळवायची, वेलमध्ये किती टाकायची? सगळे वेगवेगळं सांगतात.

ट्यूब उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, पावडर झाकणाला लागलेली असते. २५० मायक्रोलिटर न्यूक्लिएज-फ्री पाण्यात विरघळवलीत की २० मायक्रोमोलर स्टॉक झाला. छोटे छोटे भाग करून उणे २० ला ठेवा म्हणजे परत परत गोठवणं-वितळवणं टळतं. २४-वेल प्लेटमध्ये ५०० मायक्रोलिटर मीडियम आणि ५० नॅनोमोलर हवं असेल तर १.२५ मायक्रोलिटर स्टॉक लागतो, पण एवढं थेट पिपेटने घेऊ नका, आधी डायल्यूट करून घ्या, नाहीतर प्रत्येक वेलमध्ये वेगळंच पडतं.

किती टाकायचं याचं एकच उत्तर नाही, डोस कर्व्ह करावाच लागतो, ५, १०, २५, ५०, १०० असा काहीतरी, आणि ज्या कमीत कमी डोसला रिपोर्टर पूर्ण वर येतो तो घ्यायचा. इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. ५०० मायक्रोलिटरमध्ये ५० नॅनोमोलर म्हणजे २५ पिकोमोल, म्हणजे साधारण १५ लाख कोटी रेणू. वेलमध्ये ५० हजार पेशी धरल्या तर एका पेशीच्या वाट्याला ३० कोटी. आणि उंदराच्या लिव्हरमध्ये एका पेशीत मिर-१२२ च्या प्रती मोजल्या गेल्यात त्या साधारण ६६ हजार. म्हणजे बाहेर हजारो पटीने जास्त माल उभा आहे आणि तरी कधी कधी काम होत नाही, कारण सायटोप्लाझममध्ये पोचतो तो त्यातला अगदी थोडा भाग. म्हणून काम होत नसेल तर डोस वाढवत जाण्याआधी डिलिव्हरीकडे बघा. लिपिड रीएजंटचं (इनहिबिटर पेशीत नेणाऱ्या स्निग्ध द्रावाचं) प्रमाण, पेशी किती दाट आहेत, मीडियममध्ये अँटिबायोटिक राहिलंय का. हेपजी-२ असतील तर त्या गुच्छ करून वाढतात आणि गुच्छाच्या आतल्या पेशींना काहीच मिळत नाही, त्यामुळे ट्रिप्सिननंतर नीट सुट्या करून मगच प्लेट करा.

प्रश्न : फ्लुरोसंट टॅग लावलेला कंट्रोल टाकला, सगळ्या पेशी हिरव्या दिसल्या. म्हणजे ट्रान्सफेक्शन १०० टक्के ना?

नाही. एंडोसोममध्ये अडकलेलं पण हिरवंच दिसतं, आणि पेशीच्या बाहेर चिकटलेलंही. ठिपके ठिपके दिसत असतील तर बहुधा तेच आहे. पेशींपर्यंत माल गेला एवढंच यातून कळतं, काम झालं का ते रिपोर्टरच सांगेल.

प्रश्न : निगेटिव्ह कंट्रोल इनहिबिटर टाकल्यावर पण सेल्समध्ये फॅट वाढलेलं दिसतं (ऑइल रेड ओ स्टेन). मग माझा मिर-३३ या दुसऱ्या मायक्रोआरएनएचा रिझल्ट खरा कसा मानायचा?

चांगलं पकडलंत. फॅटवर काम करताना आपण लिपिडच्याच थेंबातून इनहिबिटर आत ढकलतो, ही अडचण बरेच जण विसरतात. त्यामुळे तुम्हाला चार गट हवेत, काही न टाकलेल्या पेशी, फक्त रीएजंट, रीएजंट अधिक निगेटिव्ह कंट्रोल, आणि रीएजंट अधिक खरा इनहिबिटर. फक्त रीएजंटनेच फॅट वाढत असेल तर रीएजंट कमी करा. रीएजंटने नाही पण कंट्रोलच्या तुकड्याने वाढत असेल तर दुसरा कंट्रोल सीक्वेन्स घ्या. जंतातल्या मिर-६७ वरून बनवलेला कंट्रोल बरेच जण वापरतात कारण तो मायक्रोआरएनए माणसात नाही, पण केमिस्ट्री आणि लांबी तुमच्या इनहिबिटरसारखीच हवी. एलएनएच्या इनहिबिटरला टू-प्राइम ओ-मिथाइलचा कंट्रोल लावणं म्हणजे तुलनाच नाही.

मिर-३३ बद्दल आणखी दोन गोष्टी. माणसात मिर-३३ए आणि मिर-३३बी असे दोन आहेत, एक एसआरईबीएफ२ जीनच्या इंट्रॉनमध्ये आणि दुसरा एसआरईबीएफ१ च्या, सीड दोघांचं एकच, त्यामुळे एकालाच अडवून एबीसीए१ हे त्यांचं टार्गेट वर आलं नाही तर दुसरा काम करतोय का ते बघायला हवं. अशा वेळी दोन इनहिबिटर एकत्र किंवा फक्त सीडला धरणारा ८ अक्षरांचा छोटा एलएनए घेतात. उंदरात मिर-३३बी नाहीच, म्हणून उंदराच्या पेशींवरचा रिझल्ट जसाच्या तसा हूह-७ ला लावू नका. दुसरं म्हणजे सीरम. एसआरईबीएफ२ पेशीतल्या कोलेस्टेरॉलप्रमाणे वर-खाली होतो आणि त्याच्याबरोबर मिर-३३ए पण, म्हणजे सीरमची बॅच बदलली तरी तुमची सुरुवातच बदलते. एका प्रयोगमालिकेला एकच बॅच ठेवा.

प्रश्न : प्रायमरी हेपॅटोसाइट्समध्ये (थेट लिव्हरमधून काढलेल्या पेशींत) लिपोफेक्शन, म्हणजे लिपिडने ट्रान्सफेक्शन, होतच नाही. काय करू?

होतं, पण कमी होतं आणि पेशी नाजूक असतात. तुमच्याकडे एलएनएचा फॉस्फोरोथायोएट इनहिबिटर असेल तर लिपिडशिवाय नुसता मीडियममध्ये टाकून बघा, याला जिम्नोसिस म्हणतात. नॅनोमोलर नाही, मायक्रोमोलरच्या आसपास डोस लागतो आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. अडचण एवढीच की कोलेजन प्लेटवर प्रायमरी हेपॅटोसाइट्स रोज थोड्या थोड्या बदलत जातात, औषधं पचवणारे सीवायपी एन्झाइम्स घसरतात, आणि तुम्ही वाट बघत असताना पेशीच लिव्हरपासून लांब जात असते. वरून कोलेजनचा किंवा मॅट्रिजेलचा थर देऊन सँडविच कल्चर केलं तर जरा टिकतात. गॅलनॅक ही साखर लावलेला इनहिबिटर हेपॅटोसाइट्सवरच्या एएसजीपीआर रिसेप्टरमधून सरळ आत जातो, शरीरात तर फारच छान, पण कल्चरमध्ये तो रिसेप्टर सुद्धा कमी होत जातो, त्यामुळे प्लेट केल्यावर लवकर टाका. एवढं सगळं जमणार नसेल तर हेपाआरजी ही सेल लाइन बघा, दोन आठवडे वाढवायच्या, पुढे साधारण दोन आठवडे डीएमएसओमध्ये डिफरन्शिएट करायच्या. वेळखाऊ आहे पण पेशी हेपॅटोसाइटच्या बऱ्याच जवळ येतात.

प्रश्न : रिव्ह्यूअरने रेस्क्यू (परिणाम उलटवून दाखवण्याचा प्रयोग) मागितलाय. इनहिबिटरबरोबर मिमिक टाकून परिणाम परत आणला तर चालेल?

मी रिव्ह्यूअर असते तर समाधान झालं नसतं. मिमिक आणि इनहिबिटर एकमेकांना जुळणारेच तुकडे आहेत, ते आपसातच चिकटून एकमेकांना रद्द करणार, त्यातून पेशीबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी टार्गेटकडून जा. इनहिबिटरमुळे टार्गेट वाढलं आणि त्यामुळे अमुक झालं असं तुमचं म्हणणं आहे ना, मग इनहिबिटरबरोबर त्या टार्गेटचा एसआयआरएनए टाका, परिणाम नाहीसा झाला तर तुमचं म्हणणं उभं राहतं.

याहून पक्का पुरावा बघायचा तर तो २००५ चा हिपॅटायटिस सीचा पेपर परत वाचा. त्यांनी व्हायरसच्या आरएनएमधली मिर-१२२ ची साइट बिघडवली, व्हायरसचा आरएनए साचेना, मग मिर-१२२ मध्येच त्या बिघाडाला जुळेल असा बदल करून तो पेशीत दिला आणि आरएनए परत वर आला. नुसत्या इनहिबिटरवर ते थांबले नाहीत म्हणून तो पेपर अजून टिकून आहे.

प्रश्न : वडिलांना लिव्हरचा आजार आहे. नेटवर वाचलं की मिर-१२२ बंद केला की कोलेस्टेरॉल कमी होतं आणि व्हायरस पण जातो. असं औषध मिळतं का?

तुमची धडपड समजते, म्हणून स्पष्टच लिहिते. मिळत नाही. मिराव्हिरसेन नावाचं १५ अक्षरांचं एलएनए औषध माणसांपर्यंत गेलं होतं, २०१३ मध्ये ३६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले, आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं, आणि हिपॅटायटिस सीचा व्हायरस डोसप्रमाणे खरंच खाली आला. पण त्याच सुमाराला थेट व्हायरसवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, त्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे व्हायला लागले आणि या औषधाची गरज मागे पडली. त्याच मायक्रोआरएनएवरचं दुसरं एक औषध, आरजी-१०१, त्याच्या चाचण्या २०१६ मध्ये काही रुग्णांना कावीळ झाल्यावर थांबवाव्या लागल्या.

आणि कोलेस्टेरॉल कमी होतं हे उंदरात आणि माकडात दिसलंय ते खरं, पण ज्या उंदरांमध्ये जन्मापासून मिर-१२२ काढूनच टाकला त्यांना फॅटी लिव्हर, फायब्रोसिस आणि पुढे लिव्हरचा कॅन्सर झाला, हे २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. काही आठवडे अडवणं आणि कायमचं काढणं यात फरक आहे, तरीही ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. लॅबमध्ये विकला जाणारा इनहिबिटर पेशींसाठी असतो, माणसाला द्यायचा नाही, कोणी ऑनलाइन देतो म्हणालं तरी नाही. वडिलांना हिपॅटायटिस सी असेल तर आज त्यावर खात्रीचे उपचार आहेत, लिव्हरच्या डॉक्टरांना नक्की भेटा.

प्रश्न : पेपरच्या मेथड्समध्ये इनहिबिटरबद्दल किती लिहायचं? सीनियर म्हणतात कंपनीचं नाव पुरे.

पुरे नाही. मायक्रोआरएनएचं पूर्ण नाव ५पी की ३पी (मूळ आरएनएच्या कुठल्या बाजूचा तुकडा) सकट, इनहिबिटरचा सीक्वेन्स, आणि कंपनी तो देत नसेल तर कॅटलॉग नंबर, केमिस्ट्री, शेवटचं कॉन्सन्ट्रेशन, रीएजंट आणि त्याचं प्रमाण, किती तासांनी पेशी काढल्या, निगेटिव्ह कंट्रोल कुठला. सेल लाइनची एसटीआर तपासणी (पेशी खरंच त्याच आहेत ना याची डीएनए ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची टेस्ट कधी केली ते पण लिहा. आणि इनहिबिटर चालला हे कशावरून ठरवलं, रिपोर्टर की टार्गेट, याची आकृती सप्लिमेंटरीत न टाकता मुख्य पेपरमध्ये घ्या, मी तरी वाचताना सगळ्यात आधी तीच शोधते.